छर्रे निवडायचे दिवस

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या स्वयंपाकघरातलं मोठं टेबल आज सकाळी नऊ वाजल्यापासून पुढील सूचना मिळेपर्यंत बंद राहील. टेबलावर एक पाखरू तपासणीसाठी दाखल झालेलं आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणीही टेबलाला धक्का देऊ नये, दिव्याच्या उजेडात सावली पाडू नये, 'अजून किती वेळ?' असं विचारू नये, आणि शिंक आल्यास ती बेसमेंटमध्ये जाऊन द्यावी. हुकुमावरून.

हुकूम माझा, पण अंमलबजावणी मेधाची. मेधा म्हणजे माझी बायको. तिनं परात धुऊन ठेवलीय, चिमटा उकळून ठेवलाय, आणि पिवळ्या दिव्याची मान वाकवून तो बरोबर परातीवर आणलाय. आमच्याकडे दरवर्षी ऑक्टोबरात एक दिवस असा असतो. बाकीचं वर्ष आम्ही माणसांसारखे वागतो.

मॉन्ट्रियलला नदीपलीकडे आमचं उपनगर. इथे ऑक्टोबर आधी कानांना कळतो आणि मग हाडांना. रानबदकांचे थवे डोक्यावरून दक्षिणेकडे निघतात. त्यांना रानबदकं म्हणणं म्हणजे पैलवानाला पोरगा म्हणण्यासारखं आहे. चांगली चार-पाच किलोंची धुडं असतात ती. इंग्रजीत त्यांना गूज म्हणतात आणि इथल्या फ्रेंचमध्ये उतार्द. आवाज असा, की वाटावं आंबोलीच्या घाटात जुन्या एस.टी. गाड्या एकमेकींना साइड मागताहेत. खाली गल्लीभर ओल्या मेपलच्या पानांचा वास पसरलेला असतो. गाळून टाकलेल्या चहाच्या चोथ्याला जरा साखर लागली तर येईल, तसा. लोक गॅरेजं उघडून विंटर टायर्स बाहेर काढतात, पानं गोळा करतात, शेजाऱ्याची पानं आपल्याकडे उडाली की आकाशाकडे बघतात. आणि आमचा शेजारी रेजाँ गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून पाखरं सोलतो. त्याची पिसं उडत उडत आमच्या पायरीवर येतात. पहिलं पीस आलं की मेधा म्हणते, "चला, परात काढा."

आज सकाळी त्यानं दार वाजवलं. पासष्टीचा माणूस, पोट पुढे, टोपी मागे, हातात पिशवी. "दिलिप! पेर्द्री!" एवढंच म्हणाला आणि गेला. इतक्या वर्षांत आमच्यात याहून मोठं भाषण क्वचितच झालं असेल. पेर्द्री म्हणजे इथल्या जंगलातलं तितरासारखं पाखरू. कोंबडीपेक्षा लहान, अंगानं घट्ट. त्या पिशवीचं गार, ओलसर वजन हातात आलं आणि मी दारातच उभा राहिलो. मला दरवर्षी तो एकच हंगाम आठवतो. आबा आमच्याकडे आले होते तो.

आबा माझे वडील. गडहिंग्लजच्या एस.टी. डेपोत फोरमन होते. आयुष्यभर त्यांनी इंजिनं उघडली आणि मिटली. आवाज मोठा, भूक त्याहून मोठी. त्या वर्षी मार्चमध्ये आई गेली आणि जूनमध्ये मी त्यांना इकडे घेऊन आलो. विमानात त्यांनी काही खाल्लं नाही. मला वाटलं, विमानातलं जेवण, कोण खाणार. घरी आल्यावरही खाईनात. वाटलं, जेटलॅग. पण जेटलॅग तीन महिने टिकत नाही.

दोन घास घ्यायचे, "झ्याक झालंय" म्हणायचं आणि ताट सरकवायचं. मेधानं काय काय केलं! ती पुण्याची. माझ्याशी लग्न होईपर्यंत तिच्या मते तिखट म्हणजे लाल रंगाचा एक सौम्य पदार्थ होता. पण तिनं माझ्या आईकडून फोनवर, कॉलिंग कार्डावरची मिनिटं जाळत, तांबडा रस्सा शिकून घेतला होता. तो केला. पांढरा केला. आबांनी चिकनचा तुकडा बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाले, "सूनबाई, तुमच्या हाताला नाव ठेवीत न्हाई मी. पर ह्यो कोंबडा न्हवं, कापूस हाय. पिंजून गादीत भरा."

त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला पहिलं नवं भोक मी जुलैत पाडलं. दुसरं ऑगस्टात. सप्टेंबरात ते स्वतःच हातात दाभण घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "दिल्या, आजून एक पाड." डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. "ही जस्ट नीड्स टू ईट," म्हणाले. एवढं मला दाभणसुद्धा सांगत होतं.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. आबांना पूर्ण कवळी होती. वरची आणि खालची. जाण्याआधीच्या हिवाळ्यात आईनं मागे लागून, कोल्हापूरला दोन-चार खेपा घालून, करून घेतली होती. आई गेली आणि कवळी तोंडात राहिली. रोज सकाळी ते ती इतक्या हळुवारपणे घासायचे, की मी नजर दुसरीकडे वळवायचो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आबा खिडकीत बसलेले. समोर रेजाँचं गॅरेज. मी चहा घेऊन आलो तर खुर्ची रिकामी! बघतो तर आबा माझा विंटर कोट, खाली लेंगा आणि पायांत स्लिपर अशा थाटात रस्ता ओलांडून रेजाँसमोर उभे. चार महिन्यांत स्वतःहून उंबरा ओलांडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. मी धावलो.

रेजाँनं हातातलं पाखरू वर करून दाखवलं. "पेर्द्री."

आबांचे डोळे चमकले. त्यांनी रेजाँच्या छातीकडे बोट केलं. "पारधी?"

"वी, वी! पेर्द्री!"

"पारधी!" आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बग दिल्या, ह्यांच्यात बी पारधीच म्हनत्यात."

रेजाँ पाखराचं नाव सांगत होता आणि आबा शिकाऱ्याचं. दोघंही आपापल्या जागी संपूर्ण समाधानी. हा गैरसमज मी आजतागायत दूर केलेला नाही. मराठी आणि फ्रेंच यांच्यात एवढं एकमत पुन्हा कधी होणार?

आबांनी दुसरं स्टूल ओढलं आणि एक पाखरू मांडीवर घेऊन पिसं उपटायला सुरुवात केली. लहानपणी त्यांच्या गावात फासकी लावून चितूर पाखरं धरायचे, त्याच्या गोष्टी ते शुद्ध गडहिंग्लजीत रेजाँला सांगत होते. रेजाँ मधूनमधून "आ बाँ!" म्हणजे "अस्सं!" म्हणत होता. तासाभरानं आबा घरी आले, हातांना पिसं चिकटलेली, आणि त्यांनी चहाबरोबर न विचारता बिस्किट उचललं. मेधानं ओट्याआडून मला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी रेजाँनं एक सोललेलं उतार्द आणून दिलं. मांस मटणासारखं गडद लाल. देताना तो बोट नाचवत म्हणाला, "आत्तांसियों! ले प्लों!"

मी तेव्हा ऑफिसच्या आग्रहास्तव संध्याकाळच्या फ्रेंच वर्गाला जात होतो. आत्तांसियों म्हणजे सावधान, हे येत होतं. 'प्लों' मला नवीन होतं. पण बेसमेंटचं गटार तुंबलं होतं तेव्हा 'प्लोंबिए' शब्द शिकलो होतो: प्लंबर.

"काय म्हणतोय?" मेधानं विचारलं.

"प्लंबर येणार आहे म्हणतोय."

"त्याच्याकडे? मग आपल्याला कशाला सांगतोय?"

"गल्लीचं पाणी जाणार असेल."

बस्स! महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला 'पाणी जाणार' हे दोन शब्द ऐकवले की पुढचं त्याला शिकवावं लागत नाही. मेधानं घरातली यच्चयावत भांडी भरली. बादल्या, कुकर, दुधाचं पातेलं, माझा थर्मास. बाथटबही काठोकाठ. आबासुद्धा उठले आणि तांब्या-पेला भरून आपल्या खोलीत घेऊन गेले. "भरून ठिवल्यालं बरं असतंय." अशा जलमय परिस्थितीत उतार्दचा रस्सा शिजला. नळ दिवसभर धो धो वाहत होता. आम्ही त्याच्याकडे संशयानं बघत होतो.

जेवायला बसलो. वास असा की आबा पाठ ताठ करून बसले. आईच्या पद्धतीचा रस्सा, मेधा त्यात मिरे अख्खे टाकते. आबांनी भाकरी मोडली, तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला. दुसरा घास. तिसरा! मी आणि मेधा श्वास रोखून बघतोय. चौथ्या घासाला ते हाडाजवळचा तुकडा तोंडात घालणार, इतक्यात माझ्याच दाढेखाली 'कट्ट' असा आवाज आला. कवटीपर्यंत गेला.

"मेधा, मिरा कच्चा राहिलाय."

"मिरा कच्चा राहत नाही," मेधा म्हणाली. "तू काय खाल्लंस?"

मी तोंडात बोट घालून काढलं. काळं, गोल, मिऱ्याएवढं. ताटात टाकलं तर टणकन उडालं. बंदुकीचा छर्रा. रेजाँ ज्याबद्दल बोट नाचवत होता ते प्लंबरसाहेब हेच.

आबांनी हातातला तुकडा खाली ठेवला. कवळी काढली, वरची आणि खालची, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग खिशावर हात ठेवून म्हणाले, "सूनबाई, मला दूदभात द्या."

त्या क्षणी मी ठरवलं. हे मी जरा नाटकी ढंगानं सांगतोय, पण ठरवलं ते खरं. हा माणूस चार महिन्यांनी चौथ्या घासापर्यंत आला होता. त्याच्या आणि त्या घासाच्या मध्ये एक छर्रा उभा होता. म्हणजे काम स्पष्ट होतं. छर्रा काढायचा. एकूण एक काढायचा.

शिवाय माझा धंदा काय? विमानाच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. धातूच्या पात्यात केसाहून बारीक चीर असली तर ती शोधायची, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. जो माणूस पात्यातली चीर शोधतो, तो बदकातला छर्रा सोडेल? कारखान्यात एक्स-रेचं यंत्र आहे. शुक्रवारी दुपारी ते रिकामं असतं, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. जेवणाच्या डब्यातून पाखरू न्यायचं...

"आणि रिपोर्टवर पार्ट नंबर काय लिहिणार?" मेधानं विचारलं. विचार मागे घेतला.

रेजाँला बोलावलं. तो पोट धरून हसला, मग गंभीर झाला आणि मला धडे दिले. त्याचं इंग्रजी माझ्या फ्रेंचएवढंच, त्यामुळे आमचं बरं जमतं. छर्रा आत जाताना बरोबर एखादं पीस ओढून नेतो. सोललेल्या मांसावर कुठे बारीक भोक दिसलं आणि त्यात पिसाचा तंतू दिसला, तर तो तंतू धरून आत जायचं. वाटेच्या टोकाला छर्रा बसलेला असतो. कुठे जांभळा डाग दिसला, रक्त साकळलेलं दिसलं, तर तिथेही शोधायचं, आणि तेवढं मांस कापून टाकायचं. शेवटी त्यानं बोट वर केलं: "एमाँ!" लोहचुंबक.

मी तडक फ्रीजकडे गेलो. फ्रीजवर आमचा चुंबकाचा गणपती, किराणाची यादी धरून बसलेला.

"खबरदार!" मेधा अशी ओरडली की रेजाँनं टोपी काढली. "त्या गणपतीला बदकात घातलंस तर मी आजच्या आज पुण्याला जाईन!"

"देव सर्वत्र असतो, मेधा."

"रश्श्यात नसतो!"

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. "डेपोत काटीला लावल्यालं असतंय. इंजनात नट पडला की काडायला. हितं मिळत न्हाई व्हय?"

आबांनी आपणहून दिलेली ही कित्येक दिवसांतली पहिली सूचना. मी गाडी काढून हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि लांब दांडीचं चुंबक घेऊन आलो. त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मी ते उरलेल्या रश्श्यातून फिरवलं. तांबड्या रश्श्यात लोहचुंबक फिरवणारा मी बहुधा पहिलाच कोल्हापूरकर. बाहेर आलं तर टोकाला दोन छर्रे, पपईच्या बियांसारखे चिकटलेले. मी ते स्टीलच्या वाटीत सोडले. टिक्. टिक्. काय सुंदर आवाज तो!

"बघा आबा, निघाले!"

आबा वाटीत डोकावले. "आनि तिसरा न्हाई कशावरनं?" खिशावरचा हात तसाच.

या प्रश्नाला उत्तर नाही, हे तपासणी खात्यातल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक? आम्ही 'चीर सापडली' असं छातीठोकपणे सांगू शकतो. 'चीर नाही' असं लिहिताना पेन नेहमी जरा थबकतं. सही करायची ती यंत्राच्या भरवशावर नाही, आपण किती वेळ आणि किती चिकाटीनं बघितलं त्याच्या भरवशावर. आज टेबलाशी बसलो की मला हे नव्यानं पटतं. दांडीचं चुंबक अजून ड्रॉवरमध्ये आहे, आजही काढलंय. पण त्याच्यावर मी विसंबत नाही, आणि का, ते आता सांगायलाच हवं. लाज वाटते, पण गोष्ट चांगली आहे.

दहा-बारा दिवसांनी रेजाँनं दोन पेर्द्री दिली. त्याचा हंगाम आटोपला होता, म्हणजे त्या वर्षीची ही शेवटचीच पाखरं. आबांच्या पट्ट्याचं तिसरं भोकही सैल होत चाललं होतं. मी रविवारी सकाळी टेबल ताब्यात घेतलं. पाखरांचं मांस फिकं गुलाबी, आतून जवळजवळ पांढरं. मी चुंबक छातीवरून फिरवलं, पाठीवरून फिरवलं, मांडीच्या सांध्यात खुपसलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. अर्ध्या तासानं मी उभा राहिलो आणि दांडी राजदंडासारखी धरून घोषणा केली, "तपासणी पूर्ण! दोन्ही पाखरं निर्दोष!"

मेधानं एक पाखरू नळाखाली धरलं. टिक्.

सिंकमध्ये करडा गोळा पडलेला.

मी चुंबक टेकवलं. ढिम्म. गोळा जागचा हलेना. चुंबक बिघडलं की काय म्हणून चमच्याला लावलं, तर चमचा उडी मारून आला. पुन्हा गोळ्याला लावलं. गोळा माझ्याकडे बघतोय, मी गोळ्याकडे. मग आबा उठून आले. त्यांनी तो गोळा चिमटीत धरला, नखानं दाबला. नखाची खूण उमटली.

"शिसं हाय हे," आबा म्हणाले. "शिशाला कवा चुंबक लागतंय व्हय? तुला इंजनेर कुनी केला रं?"

नंतर रेजाँनं उलगडून सांगितलं. पाण्यावरच्या पाखरांना पोलादी छर्रे मारायचे, असा कायदा आहे. पाण्यात शिसं जाऊ नये म्हणून. जंगलातल्या पाखरांना शिशाचे चालतात. आणि शब्द दोन्हींना एकच, जुना: प्लों. त्या शब्दाचा मूळ अर्थच शिसं. पहिल्या दिवसापासून तो गृहस्थ बोट नाचवून मला धातूचं नाव सांगत होता, आणि धातुशास्त्राची पदवी घेतलेला मी घरात पाणी भरत होतो.

आता प्रश्न दातांपुरता राहिला नव्हता; शिसं पोटात जाऊन चालणार नव्हतं. यंत्र बाद झालं. मग मेधानं पदर खोचला. म्हणजे तिनं जीन्स घातली होती, पण आविर्भाव पदर खोचल्याचाच होता. तिनं परात काढली. "तांदूळ निवडतात तसं निवडायचं," ती म्हणाली. "तुझ्या आईनं मला तेवढं शिकवलंय."

पाखरांचे आम्ही पातळ तुकडे केले. मेधा एकेक तुकडा दिव्यासमोर धरायची. उजेड मांसातून आरपार यायचा, गुलाबी, सकाळी डोळे मिटून सूर्याकडे बघावं तसा. त्यात छर्रा असला की काळा ठिपका दिसायचा. मी भोकं आणि पिसं शोधत होतो. एक भोक सापडलं, त्यात तपकिरी तंतू. चिमट्यानं ओढला, आणखी ओढला, आणि त्याच्यामागून तो महाभाग आला. टिक्.

पण मांडीचं मांस जाड. उजेड जाईना. मेधा म्हणाली, "इथे काय करायचं?"

"आना हिकडं," आबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी हात धुतले, तुकडा तळव्यावर घेतला आणि अंगठा हळूहळू फिरवायला लागले. हाच अंगठा बेअरिंगवर फिरवून कुठे चरा आहे ते सांगायचा. अंगठा थांबला. "हितं." मी सुरीचं टोक घातलं. टिक्.

असे आम्ही तिघं एका परातीभोवती बसलो होतो. बाहेर पानं पडत होती, वरून एक उशिराचा थवा साइड मागत गेला. मग आबा बोलायला लागले, परातीतून मान वर न करता.

"नव्या लग्नाची गोष्ट हाय. रेशनचा तांदूळ, निम्मा खडाच असायचा. तुजी आई रोज दोन-दोन तास निवडायची. एकदा माज्या दाताखाली खडा आला. मी ताट सरकावलं. वरडलो तिच्यावर, समद्यांच्या देखत. त्या दिवशी ती जेवली न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई."

अंगठा फिरत होता.

"मग म्यां ठरीवलं. फुडं खडा आला की गिळायचा. चावायचा न्हाई, बोलायचं न्हाई. चाळीस वरसं गिळत आलो. तिला वाटायचं, आपल्या निवडन्यात आता खडाच ऱ्हात न्हाई. लई खूश असायची." "पोटात माज्या एक गाडी खडी असंल."

मेधा हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही एकाच वेळी. मी चिमट्याकडे बघत बसलो. मला चीर शोधायला पगार मिळतो, आणि चार महिने हा माणूस माझ्यासमोर बसून दोन-दोन घास गिळत होता. काय गिळतोय, ते मला दिसलं नव्हतं.

"आबा," मेधा म्हणाली, "आमच्याकडे गिळायचं नाही. खडा आला तर ओरडायचं."

"वरडीन की," आबा म्हणाले. "हितं. आजून एक हाय."

आम्ही अडीच तास निवडत होतो. ज्या तुकड्यावर जांभळी छटा होती तो काढून टाकला. उरलेले तुकडे तिघांच्या हातांखालून एकेकदा गेले: मेधाचा दिवा, माझा चिमटा, आबांचा अंगठा. मेधानं त्या दिवशी अख्खे मिरे घरातून हद्दपार केले. बारीक कुटून घातले, म्हणजे गोल आणि काळं जे काही लागेल त्याला नाव एकच राहील. कांदा-खोबरं भाजलं, तीळ भाजले, स्मोक अलार्म दोनदा वाजला आणि मी दोनदा त्याला टॉवेलानं वारा घातला. कट शिजायला लागला तेव्हा खिडकीच्या काचेवर तवंगाच्या रंगाचं धुकं आलं.

दुपारचे तीन वाजले होते. आबांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, कवळी घातली. वरची. खालची. पहिला तुकडा त्यांनी तोंडात घेतला आणि जबडा हळूहळू हलवला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे असे बघत होतो, की कुणी आमच्याकडे बघितलं असतं तर पोलिस बोलावले असते.

त्यांनी गिळलं. दुसरा तुकडा. भाकरी. हाडाजवळचा तुकडा. जबड्याचा वेग वाढला. कपाळावर घाम आला. एक भाकरी संपली, दुसरी अर्धी झाली. 'झ्याक झालंय' सुद्धा म्हणत नव्हते. फुरक्यांचा आवाज तेवढा येत होता.

आणि मला, तपासणी खात्यातल्या माणसाला, धीर धरवेना. पातेल्याच्या तळाशी मांडीचे चार तुकडे राहिले होते, जाड, सांध्याजवळचे. त्यांच्यावर सही करताना माझं पेन थबकलं असतं. आता इथवर सुखरूप आलोय, कशाला विषाची परीक्षा? उद्या पुन्हा नीट तपासू, असं मनाशी म्हणत मी हळूच उठलो, दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि ओट्याकडे निघालो.

मागून ताटावर हात आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, एस.टी. डेपोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा तो आवाज:

"आरं ए! ठेव ते पातेलं खाली! राहिल्यालं काय तुजा बाप खानार हाय?"